कालव्यापलीकडचा ढोल

२४ सप्टेंबर

मा. अध्यक्ष,
हावनट्राउ फुटबॉल क्लब यांस,

नमस्कार. नमस्काराआधी 'सप्रेम' लिहिण्याचा माझा जुना प्रघात आहे. या पत्रापुरता तो शब्द मी बाजूला ठेवला आहे, याची नोंद घ्यावी.

माझी पत्नी युडिक हिच्या निधनाबद्दल आपण पाठवलेले सांत्वनपत्र पोचले. त्याच लिफाफ्यात संचालक मंडळाचे दुसरे पत्रही होते. दुःख आणि कामकाज एकाच तिकिटावर उरकले गेले, हे काटकसरीच्या दृष्टीने योग्यच म्हणावे लागेल.

आपण अंत्यविधीला आला नाहीत. त्या दिवशी सामना होता, हे मी समजू शकतो. आपले पुष्पचक्र मात्र आले, क्लबच्या हिरव्या-काळ्या फितीसह. युडिकच्या लोकांत, ज्यूंमध्ये, कबरीवर फुले नेत नाहीत. वर्षानुवर्षे शुक्रवारी संध्याकाळी आपण आमच्या टेबलावर बसून तिच्या हातचे कोंबडीचे सूप प्यायलात, तिने मेणबत्त्या लावल्या की डोके झाकायला टोपी शोधू लागलात. एवढी गोष्ट आपणास ठाऊक असेल असे मी गृहीत धरले होते. दफनभूमीच्या रखवालदाराने ते चक्र फाटकाबाहेर ठेवले. पावसाने फितीचा रंग उतरेपर्यंत ते तिथेच होते.

आता दुसऱ्या पत्राविषयी. त्यात म्हटले आहे की, राजधानीच्या क्लबविरुद्धच्या सामन्याआधी युडिकच्या स्मरणार्थ पाळलेली शांतता 'सर्व प्रेक्षकांनी गांभीर्याने पाळली'. हे विधान खोटे आहे. आपण ती शांतता काचेच्या कक्षातून पाहिलीत. मी ती कालव्यापलीकडच्या बांधावरून ऐकली. नाझींच्या अंमलात आपल्या मैदानाच्या फाटकावर 'ज्यूंना प्रवेश नाही' अशी पाटी लागली, तेव्हा युडिकचे वडील लहान होते; ते याच बांधावर उभे राहून आपल्या क्लबचे गोल कानांनी मोजत. मैदानबंदी झालेल्या प्रेक्षकांना युडिक तिथेच घेऊन जाई. म्हणून मीही तिथे गेलो. शांतता सुरू झाली, आणि दक्षिण गॅलरीतून 'स्स्स' असा आवाज आला. नळीतून गॅस सुटावा तसा. तो कशाची नक्कल आहे, हे आपणास सांगण्याची गरज नाही. राजधानीच्या क्लबला लोक 'ज्यू' म्हणतात, एवढ्या कारणावरून त्यांच्या खेळाडूंसाठी तो काढला जातो. त्या अकरांत एकही ज्यू नसला तरी. त्या दिवशी तो माझ्या पत्नीच्या नावानंतर निघाला.

असे आवाज काढणाऱ्यांसाठी युडिक चालवत असलेला वर्ग 'तिच्या स्मृतीचा मान राखून' बंद करण्यात येत आहे आणि त्याजागी संगणकावरचा अभ्यासक्रम येत आहे, असे आपण कळवता. दक्षिण गॅलरीखालच्या वर्गखोलीची किल्ली परत करावी, असेही सुचवता.

वर्ग बंद होणार नाही. तो मी घेईन. किल्ली परत मिळणार नाही.

मला फुटबॉलमधले काही कळत नाही. पण त्याची इथे आवश्यकता नाही.

आपला,
लाम्बर्ट तेर हॉर्स्ट
निवृत्त शिक्षक (लॅटिन)


९ ऑक्टोबर

मा. अध्यक्ष यांस,

नमस्कार.

आपण दूरध्वनीवर जे बोललात ते मी इथे नोंदवून ठेवतो, म्हणजे नंतर कोणाच्याच स्मरणावर भार पडणार नाही. आपण म्हणालात, "लाम्बर्ट, वारा होता रे तो. त्या गॅलरीच्या पत्र्यातून वारा शिरला की अस्साच आवाज येतो. तू दमलायस. बहिणीकडे जा, जरा चार लोकांत बस." मी म्हणालो की वारा मृतांची नावे पुकारली जाण्याची वाट पाहत थांबत नाही. त्यावर आपण फोन ठेवलात.

मी दमलेलो नाही. झोप व्यवस्थित लागते. चार लोकांत बसावे ही आपली सूचना मात्र मी अमलात आणली आहे, कारण वर्गाला चारजण आले. अनायासे ते सर्व आपलेच प्रेक्षक आहेत.

वर्ग चांगला झाला नाही, हे मी प्रांजळपणे नमूद करतो. द्वेषाच्या इतिहासावर मी एक निबंध तयार केला होता, रोमन काळापासून. तो मी वाचू लागलो. तिनेके नावाच्या बाई आहेत, मासळीबाजारात गाळा चालवतात. पंचाच्या दिशेने पेटता फटाका फेकला आणि वर ज्यूंना शिवी दिली म्हणून त्यांना बंदी आहे. त्यांनी हात वर करून विचारले, "मास्तर, याच्यावर परीक्षा आहे का? मी चष्मा नाही आणला." बाकीचे हसले. मी पुढचे पान उलटले. तेव्हा मागच्या बाकावरचा माणूस म्हणाला, "मास्तर, युडिकबाई असं वाचून नाही दाखवायच्या."

हा योरिट हाख. गोदीत क्रेन चालवतो आणि आपल्या दक्षिण गॅलरीचा ढोल वाजवतो, किंवा बंदीपूर्वी वाजवत असे. युडिक रुग्णालयात जाण्यापूर्वी तो तिच्या एका तासाला आला होता. मी विचारले, "मग ती काय करायची?"

"विचारायच्या. बंदी का झाली, एवढंच. मग गप्प बसायच्या. लई वेळ. त्यांच्यासमोर बोलायला लागायचंच माणसाला."

"तुम्हाला बंदी का झाली?"

"तेच तर! मी तोंडातून आवाजच काढला नाही कधी. आईशप्पथ. मी ढोल वाजवतो. पोरांनी ते स्स्स सुरू केलं की मी ढोल थांबवतो, म्हणजे त्यात माझा हात नको. आता थांबवल्याबद्दल पण बंदी? उद्या शिंकलो तरी घालाल."

"हा तर संतच आहे," तिनेके म्हणाल्या. "याची मूर्ती बसवा फाटकावर."

युडिकने त्याला सांगून ठेवले होते म्हणे, "पुढच्या वेळी बांधावर ये, मग बोलू." ती पुढची वेळ आली नाही.

संगणक योरिटला हे सांगू शकला नसता, हे आपणही मान्य कराल.

लाम्बर्ट तेर हॉर्स्ट


४ नोव्हेंबर

मा. अध्यक्ष यांस,

नमस्कार.

निःपक्षपातीपणा म्हणून मी आपला संगणकीय अभ्यासक्रम स्वतः पूर्ण केला. एका प्रश्नात विचारले होते: 'विशिष्ट धर्माच्या लोकांचा अपमान करणे योग्य आहे का?' पर्याय तीन: होय, नाही, परिस्थितीनुसार. मी 'नाही' निवडले. पडद्यावर हिरवा चेंडू उसळला आणि मला शाबासकी मिळाली. योरिटने तोच अभ्यासक्रम क्रेनच्या केबिनमध्ये सँडविच खाता खाता पूर्ण केला. त्यालाही चेंडू मिळाला. त्या प्रमाणपत्रावर त्याची बंदी फेब्रुवारीत संपणार आहे, असे तो सांगतो. मग तो माझ्याकडे कशाला येतो, असे मी विचारले. तो म्हणाला, "बांधावरून मॅच ऐकू येते ना."

परवाच्या सामन्याला मी त्या चौघांना बांधावर नेले. आपण पोलिसांत तक्रार करण्याच्या विचारात असल्याचे कानावर आले, म्हणून सांगतो: बंदीच्या नियमानुसार त्यांनी सामन्याच्या दिवशी कालवा ओलांडायचा नाही. आम्ही कालवा ओलांडलेला नाही. युडिकने ही जागा नकाशा पाहून निवडली होती. मीही तो पाहिला.

मी तिचे घडीचे स्टूल नेले होते आणि आल्याच्या पाकातले गोड पाव, तिचे बोलुस, भाजले होते. ते थोडे करपले.

"बाईंचे बोलुस असे नसायचे," तिनेके म्हणाल्या.

"असे म्हणजे कसे?"

"दातांनी चावता यायचे. आणि हे स्टूल रिकामंच ठेवायचंय का? माझे गुडघे बघा हो मास्तर."

"ते बसण्यासाठी नाही."

"मग स्टूल असतं कशासाठी?"

योरिटने त्यांना कोपराने ढोसले. त्या गवतावर बसल्या आणि पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत.

बांधावरून मैदान दिसत नाही, हे आपणास माहीत नसेल. फक्त ऐकू येते. नवा माणूस ढोल वाजवत होता. "घाई करतोय," योरिट म्हणाला, पण त्याचे तळवे स्वतःच्या मांड्यांवर त्याच ठेक्यात पडत होते. मध्यंतरानंतर फलकावर इतर सामन्यांचे निकाल लागले असावेत, कारण एकदम मोठी आरोळी उठली. "राजधानीवाले हरले," तिनेकेंनी मोबाइलवर पाहून सांगितले.

आणि ढोल थांबला.

कालव्यावर क्षणभर काहीच नव्हते. मग तो आवाज आला. आत गॅलरीत उभे असताना तो शेजारच्याच्या खांद्याआडून येतो, थट्टेसारखा वाटतो, असे हे सर्व मला नंतर म्हणाले. पाण्यावरून तो तसा येत नाही. तो एकाच तोंडातून आल्यासारखा येतो. पलीकडे एक बाई कुत्र्याला फिरवत होती. तिने कुत्र्याला जवळ ओढले आणि ती निघून गेली.

मी युडिकसारखे करायचे ठरवले होते. काहीच बोललो नाही.

"थांबायची वाट बघतात ते," योरिट बऱ्याच वेळाने म्हणाला. "मी थांबलो की सुरू करायचे. मला वाटायचं, मी बाजूला झालो. मी तर..." त्याने वाक्य पुरे केले नाही. मी त्याच्या हातांकडे पाहत होतो. पलीकडे ढोल बंद होता. त्याचे तळवे मात्र मांड्यांवर वाजतच होते.

तिनेकेंनी उरलेला बोलुस कालव्यात टाकला. बदकांनीही तो खाल्ला नाही.

लाम्बर्ट तेर हॉर्स्ट

ता. क. : आपला परवाचा गोल ऑफसाइड होता, असे मला सांगण्यात आले आहे.


१२ डिसेंबर

मा. अध्यक्ष यांस,

नमस्कार.

वर्गखोलीचे कुलूप बदलण्यात आल्याचे आज समजले. दारासमोर उभे राहून मी किल्ली तीनदा उलटसुलट करून पाहिली, आणि माझे विद्यार्थी माझ्याकडे पाहत राहिले. "मास्तर, चला, बांधाला कुलूप नाही," तिनेके म्हणाल्या. तेव्हा वर्ग आता तिथेच भरतो. हिमकण पडत होते. कोणी लवकर घरी गेले नाही. आपल्या विरोधामुळे आमची उपस्थिती वाढली आहे: आता सातजण येतात, त्यांतल्या दोघांना बंदीही नाही.

आपल्या पत्रातील मुद्द्यांना उत्तरे देतो.

या गोष्टीचा गवगवा केल्याने ती वाढते, असे आपण म्हणता. गेली कित्येक वर्षे आपण ती अनुल्लेखाने मारत आहात. ती मेलेली मला ऐकू आली नाही.

गॅलरीत हजारो लोक असतात, तू मूठभरांना शिकवून काय होणार, असे आपण विचारता. युडिकच्या वडिलांच्या वेळी पाटी लावायला एकच माणूस शिडीवर चढला होता. बाकीचे हजारो नुसते खालून आत गेले.

'युडिक असती तर तिने समजून घेतले असते,' असे आपण लिहिता. युडिक असती तर तिने आपणास सूप वाढले असते, ही गोष्ट खरी. वाटी रिकामी होईपर्यंत ती थांबली असती. मग तिने आपणास विचारले असते की काचेतून काय ऐकू येते. तिच्या तोंडी आपले वाक्य पुन्हा घालू नये, ही विनंती नाही.

एक गंभीर बाब. गोदीत योरिटला गॅलरीतल्या तिघांनी गाठले. "परत येशील तेव्हा जिथं थांबायचं तिथं थांब, नाहीतर ढोलासकट कालव्यात जाशील," असे त्याला सांगितले गेले. त्याने मला विचारले, "मास्तर, काय करू?" मी म्हणालो की मार तुम्हाला बसणार, तेव्हा मी सांगणे उचित नाही.

"बाई काय म्हणाल्या असत्या?"

"तिने विचारले असते, ढोल कोणाचा आहे."

"माझा. वडलांनी दिलेला. त्यांनीच वाजवला आधी तीस वर्षं."

"मग?"

"मग काय," तो म्हणाला, आणि शिंकला. त्यावर कोणी बंदी घातली नाही.

त्याच्या सुरक्षिततेची जबाबदारी क्लबची आहे. हे मी लेखी कळवत आहे.

लाम्बर्ट तेर हॉर्स्ट


२० फेब्रुवारी

गेरलोफ,

हे पत्र अध्यक्षांना नाही.

चषकाच्या सामन्यात राजधानीचा क्लब पुन्हा आपल्या मैदानावर येत आहे. योरिटची बंदी संपली आहे. तो ढोल घेऊन गॅलरीत जाणार. तुझे मंडळ त्यानंतरच्या सोमवारी वर्गाबद्दल अंतिम निर्णय घेणार, असे मी वर्तमानपत्रात वाचले. तुझ्या तोंडून ऐकायला मिळाले असते तर बरे झाले असते.

तू म्हणतोस वारा होता. ठीक आहे. मी तुझ्याशी वाद घालत नाही. त्या दिवशी काचेच्या कक्षात बसू नकोस. बांधावर ये. जाड कोट घाल, आणि ते चकचकीत बूट नकोत. गवत ओले असते. माझ्या शेजारी उभा राहा आणि ऐक. वारा असेल तर तसे सोमवारी सांग, मी सर्वांसमोर तुझी क्षमा मागेन आणि किल्ली टेबलावर ठेवीन.

नाही आलास, तर तुला वाऱ्याबद्दल बोलण्याचा अधिकार उरणार नाही.

लाम्बर्ट

डाव्या बगलेवर तो उंच मुलगा पुन्हा खेळवावा, असे बांधाचे मत आहे. मी त्याच्याशी सहमत आहे.


३ मार्च

गेरलोफ,

तू बांधावरून निघताना म्हणालास, "हे सगळं लिहून दे. मला सोमवारी वाचून दाखवायचंय, माझ्याच्याने बोलवणार नाही." त्याप्रमाणे लिहितो. मंडळासमोर जसेच्या तसे वाचावे, एक शब्दही गाळू नये.

अध्यक्ष सामना सुरू होण्याआधी बांधावर आले. चकचकीत बूट घालूनच आले. तिनेके त्यांना म्हणाल्या, "या साहेब, इथं तिकीट नाही, पण बोलुस खावा लागतो." अध्यक्षांनी तो खाल्ला. माझ्या दिवंगत पत्नीचे स्टूल तिथे रिकामे होते. त्यांनी कोणाला न विचारता ते उघडले आणि ते त्यावर बसले. वर्गातील सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो.

सुरुवातीपासून दक्षिण गॅलरीचा ढोल वाजत होता. ठेका संथ होता. तो योरिटचाच, हे आम्हा सर्वांना ओळखू आले. पाहुण्यांचे खेळाडू मैदानात उतरले तेव्हा आरोळ्या उठल्या. ज्या जागी ढोल थांबायचा ती जागा आली.

ढोल थांबला नाही.

तरीही आवाज आला. 'स्स्स', ढोलाच्या खालून, दोन्ही बाजूंनी. अध्यक्षांनी मान वर केली. त्यांनी मला विचारले, "लाम्बर्ट, तिच्या वेळी असंच होतं?"

मी म्हणालो, "तिच्या वेळी ढोल नव्हता."

ते स्टुलावरून उठले आणि पाण्याच्या कडेपर्यंत गेले. बूट चिखलात गेले. तिथे ते टोपी काढून उभे राहिले. मग ढोल एकदम बदलला. मऊ घुमणारा आवाज गेला आणि कोरडा, लाकडावर मारल्यासारखा ठोका येऊ लागला. "चामडं फाडलं त्याचं," तिनेके म्हणाल्या. "फाडलं मेल्यांनी." पण ठोका चालूच राहिला. आम्ही तो ऐकत होतो. मग गॅलरीत कोठेतरी काहीजण त्या ठोक्यावर टाळ्या वाजवू लागले. फार नव्हते. तो दुसरा आवाज विरळ झाला, तुटक झाला. पूर्ण बंद झाला, असे मी लिहिणार नाही, कारण तो झाला नाही.

योरिट सामन्यानंतर कालवा ओलांडून आमच्याकडे आला. त्याचा ओठ फुटला होता. "चामडं गेलं मास्तर," तो म्हणाला, "पण कड शाबूत आहे. कडेवर वाजवलं." तिनेकेंनी त्याच्या ओठाला आपला रुमाल लावला आणि रुमालाला मासळीचा वास आहे, याबद्दल तो बोंबलला. अध्यक्षांनी त्याच्याशी हस्तांदोलन केले. योरिट त्यांना म्हणाला, "साहेब, त्या तिघांची नावं मी पोलिसांत देणार नाही. त्यांना बांधावर पाठवा."

मंडळासाठी एवढे पुरे. पुढचे तुझ्यासाठी आहे.

तू मला विचारलेस की फुले नव्हती चालत, तर काय न्यायचे असते. दगड. साधा, कुठलाही. सप्टेंबरमध्ये वर्ष पुरे होते. तेव्हा कबरीवर तिच्या नावाची शिळा बसवू. कालव्याकाठचा एखादा दगड खिशात घालून आण, आणि ये. सामना असला तरी ये. सूप मला जमत नाही, पण शुक्रवारी टेबल तेच आहे आणि तुझी टोपी अजून खुंटीवर आहे. ती मी हलवली नाही. दुसऱ्या काही वस्तूही हलवलेल्या नाहीत, त्या तू आलास की दिसतील.

पुढच्या सामन्याला गटात नवी माणसे असतील. तिघे तर नक्की असतील, त्यांना तू पाठवायचे आहेस. पावसात आम्ही बांधावर उभे राहू, पण आधी बोलायला छप्पर लागते, आणि बोलणे तुझ्या गॅलरीच्या खालीच झाले पाहिजे, त्यांच्या पायांखाली. तेव्हा त्या दाराचे जुने कुलूप पुन्हा बसवून घे.

किल्ली माझ्याकडे आहे.

सप्रेम,
लाम्बर्ट